पहिला शब्द घरचा

सकाळी सव्वानऊ वाजता पाळणाघराच्या मधल्या खोलीत वीस महिन्यांचा एक मुलगा खिडकीच्या गजाला धरून उभा होता. त्याला सोडून त्याची आई नुकतीच जिना उतरायला लागली होती. मुलगा म्हणाला, ‘गेली.’ अडखळत नाही, बोबडं नाही. थांब्यावर उभा असलेला एखादा म्हातारा सुटलेल्या बसकडे बघून म्हणेल तसं, गेली. मोठी मावशी गुडघ्यांवर बसून एका मुलीचं नाक पुसत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘हो, गेली. संध्याकाळी येईल.’ आणि नाक पुसत राहिली. तेव्हा दारात मुलाची आई उभी होती. कपड्यांची पिशवी द्यायची राहिली म्हणून ती अर्ध्या जिन्यातून परत आली होती. तिने मुलाकडे पाहिलं नाही. तिने मोठ्या मावशीकडे पाहिलं.

हे सगळं प्लॅनताईने पाहिलं. ती त्याच खोलीत कोपऱ्यातल्या ठेंगण्या शेल्फवर जाड पुठ्ठ्याची पुस्तकं लावत होती; मुखपृष्ठ समोर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, एका वेळी पाचच. पाळणाघरात तिचं काम हेच होतं. तान्ह्यांपासून तीन वर्षांच्या मुलांपर्यंत कोणाशी काय बोलायचं, कधी गायचं, कधी गप्प बसायचं, कोणतं पुस्तक चघळायला द्यायचं आणि कोणतं वाचायला, याची दर आठवड्याची आखणी ती करायची. म्हणून मावश्या तिला प्लॅनताई म्हणायच्या, तोंडावर कौतुकाने आणि पाठीमागे थोड्या वेगळ्या सुरात. तिला दोन्ही सूर माहीत होते. मुलाच्या आईलाही मावश्यांनी नाव ठेवलं होतं, पुलवाली. ती सरकारी खात्यात इंजिनिअर होती आणि जुने पूल तपासायची. काँक्रीटवर हातोडीने ठोकायचं आणि आवाज कुठे पोकळ येतो ते ऐकायचं, असं तिने एकदा मावश्यांना समजावून सांगितलं होतं. प्लॅनताईला ते आत्ता आठवलं, कारण पुलवालीच्या चेहऱ्यावर तसंच काहीतरी चाललेलं होतं. मूल बोललं हे तिने ऐकलं होतंच. पण त्याहून जास्त तिने हे ऐकलं होतं की मोठ्या मावशीला आश्चर्य वाटलं नाही.

‘कधीपासून?’ पुलवालीने विचारलं.

‘काय कधीपासून?’ मोठी मावशी म्हणाली. खोटं बोलण्याची तिला सवय नव्हती. नाक पुसून झालं होतं तरी ती पुसत होती. मुलगी रडायला लागली.

‘बोलतो. कधीपासून?’

मोठ्या मावशीने प्लॅनताईकडे पाहिलं. त्या पाहण्यातच उत्तर होतं आणि पुलवालीनेही मग तिकडेच मान वळवली. प्लॅनताईच्या हातात बदकाचं पुस्तक होतं. ‘आपण खाली बसून बोलू या का,’ ती म्हणाली.

‘बसायला वेळ नाही. तुम्हाला मी परवाच सांगितलंय. राजीनामा दिलाय, तो आज पाचपर्यंत मागे घेता येतो. नंतर नाही येत. तुमचं जे काही असेल ते पाचच्या आत सांगा.’ तिने पिशवी हुकाला अडकवली. मुलगा आईला परत आलेली बघून खिडकीपासून तिच्याकडे चालत आला आणि तिच्या पायाला मिठी मारून उभा राहिला. ‘कोण गेली रे?’ ती त्याला म्हणाली. ‘सांग. कोण गेली?’ मुलाने तोंड मिटून घेतलं. ओठ आत घेऊन, औषधाचा चमचा पुढे आला की मुलं घेतात तसं. पुलवालीने त्याचे हात हळूच सोडवले आणि ती दुसऱ्यांदा गेली. या वेळी मुलगा काही म्हणाला नाही.

या पाळणाघराचा एक रिवाज होता आणि तो प्लॅनताईनेच पाडला होता. मुलाचा पहिला शब्द पाळणाघरात निघाला तर आईबापांना सांगायचा नाही. ऐकायचा, आपसात आनंद करायचा आणि मूग गिळून बसायचं. संध्याकाळी आई न्यायला आली की फार तर म्हणायचं, आज लक्ष ठेवा हं, बोलेल असं वाटतंय. मग दोन-चार दिवसांत आई धावत येते, डोळे भरलेले, बोलला, बोलला काल रात्री, आणि मावश्यांनी तोंडाचा चंबू करून म्हणायचं, अगं बाई, खरंच? काय म्हणाला? मावश्या याला अळीमिळी म्हणायच्या. नवी मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी तिला लंगोट कसा बदलायचा ते शिकवायच्या आणि दुसऱ्या दिवशी अळीमिळी. पहिला शब्द घरचा. पाळणाघराच्या मालकीणबाईंना ही कल्पना इतकी आवडली होती की आपल्याकडे आयांच्या मनाची किती काळजी घेतात याचं उदाहरण म्हणून त्या ती दुसऱ्या पाळणाघरवाल्यांना सांगत. आयांना अर्थातच नाही. प्लॅनताईला त्या वेळी वाटलं होतं की आपण काहीतरी थोर केलं. सात-आठ वर्षांत कितीतरी आया आपल्या मुलाचा दुसरा, पाचवा, दहावा शब्द पहिला म्हणून घेऊन गेल्या आणि सुखी झाल्या. कोणाचं काय बिघडलं.

या मुलाचं बिघडलं. सुरुवातीला तो बोलायचाच नाही, नुसता एका जागी बसून सगळ्यांची कामं न्याहाळायचा, म्हणून धाकट्या मावशीने त्याला साहेब म्हणायला सुरुवात केली होती. साहेब आले, साहेबांची सही घ्या, साहेब आज खूश दिसत नाहीत. एका दुपारी सगळी मुलं निजली होती आणि हा एकटा पाठीवर पडून वर बघत होता. प्लॅनताई त्याच्या शेजारी आडवी झाली आणि तो बघतो तिकडे बघत राहिली. तिची शिकवण तीच होती, आधी मूल बघतं तिकडे आपण बघायचं, नाव मागाहून. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘पंखा.’ ती म्हणाली, ‘हो, पंखा. फिरतोय.’ तो म्हणाला, ‘पंखा,’ आणि हसला, आणि झोपला. ती तशीच पडून राहिली होती. आपल्याला एवढा आनंद कसला झालाय हे तिने तपासलं नव्हतं. नंतर शब्द येत गेले. दे. नको. पाणी. गाण्यातला शेवटचा शब्द ती मुद्दाम गाळायची, ओठ मिटून वाट बघायची, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकावरून साहेब तो भरायचा, काम सोपवून निघून जाणाऱ्या माणसासारखा. धाकटी मावशी हसून लोळायची. अळीमिळी, सगळ्या म्हणायच्या. आज ना उद्या घरी बोलेलच.

पण तो घरी बोलला नाही. पंधरा दिवस गेले, महिना गेला. पुलवाली रोज संध्याकाळी मुलाच्या पायांत मोजे चढवताना विचारायची, आज काही? आणि मोठी मावशी म्हणायची, येईल हो, घाई कशाला. खरं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. प्लॅनताईने ते मनात ठरवलंही होतं, येत्या सोमवारी. सोमवारी पुलवाली साईटवरून थेट आली होती, बुटांना चिखल, ती दारातूनच मुलाला घेऊन गेली. मग पुढच्या सोमवारी. पण आता सांगायचं तर नुसतं बोलतो असं सांगून भागणार नव्हतं; महिनाभर आम्ही तुमच्या तोंडावर नाही म्हणत होतो हेही सांगावं लागलं असतं. आणि दर आठवड्याला हे दुसरं वाक्य लांबत चाललं होतं. पहिलं तेवढंच राहिलं.

तीन महिन्यांपूर्वी पुलवाली वेळ मागून आली होती. खोलीतल्या छोट्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीपर्यंत, अशी बसली होती. ‘मला काहीतरी करायला द्या,’ ती म्हणाली. ‘वाट बघा असं सांगू नका. मला वाट बघता येत नाही. काय करायचं ते सांगा, मी करीन.’ आणि प्लॅनताईने तिला कार्डं दिली. चित्रांची वीस कार्डं, चेंडू, कप, मांजर, बूट. रोज जेवणाआधी दहा मिनिटं, चित्र दाखवायचं, हे काय विचारायचं, थांबायचं. ही कार्डं पाळणाघरात वापरायला तिनेच बंदी घातली होती. या वयाच्या मुलाला हे काय, हे काय असं विचारत सुटणं म्हणजे त्याला रोज परीक्षेला बसवणं, हे ती मावश्यांना दर वर्षी एकदा तरी सांगायची. तो गठ्ठा कपाटाच्या तळाशी कुठल्यातरी पुरवठादाराकडून फुकट आलेला पडून होता. तिने धूळ झटकली आणि दिला. का दिला? खुर्चीवर अवघडून बसलेल्या त्या बाईला उठवून लावायचं होतं म्हणून. काहीतरी मागत होती, काहीतरी दिलं. भिकाऱ्याला देतात तसं, आतून हाताला लागेल ते. पुलवालीने कार्डं दोन्ही हातांनी घेतली होती.

आणि मग ती बाई रोज रात्री घरी जाऊन जणू हातोडी घेऊन मुलाला ठोकत राहिली असणार. हे काय? हे काय? सांग ना बाळा, हे काय? आणि मुलाने ओठ आत ओढून घेतले. मागच्या महिन्यात कुठल्यातरी डॉक्टरने सांगितलं, घरात पूर्ण वेळ बोलणारं माणूस हवं, आई नोकरीत असेल तर असं होतं. हे पुलवालीने परवा सांगितलं, राजीनाम्याचं सांगितलं तेव्हा, कोरड्या आवाजात. वर म्हणाली होती, ‘पुलांचं काय, कोणीही ठोकेल.’ तेव्हाही प्लॅनताई म्हणाली होती, ‘नीट विचार करा.’ इतकंच. तोंडाशी आलेलं होतं. मुक्याने गूळ खाल्ला म्हणतात. इथे बोलत्यांनीच तोंडात धरून ठेवला होता.

अकराच्या सुमाराला मालकीणबाईंनी बोलावलं. मोठ्या मावशीने त्यांना सांगितलं होतं. ‘यात एवढं काय झालं,’ मालकीणबाई म्हणाल्या. ‘आज पहिल्यांदा बोलला म्हणायचं. योगायोगाने त्या दारात होत्या. उलट किती छान, आईच्या समोर बोलला.’

‘त्यांनी मावशीचा चेहरा पाहिलाय.’

‘मावशीचं काय, तिला ऐकू कमी येतं म्हणा.’

‘त्या नोकरी सोडतायत.’

‘ते त्यांच्या घरातलं. आपण नोकऱ्या लावतो का सोडवतो? आणि एकदा का तुम्ही सांगितलंत की आम्ही लपवतो, की उद्या बाकीच्या पस्तीस आया दारात. आमच्या मुलाचं काय लपवलंत म्हणून. पडलं, लागलं, तेही लपवता का म्हणून.’ त्या चिडल्या नव्हत्या. चहा निवत होता तो त्यांनी तिच्याकडे सरकवला. ‘रिवाज तुमचा आहे, ताई. मी फक्त चालवून घेतला. तेव्हा आता तुम्हीच नका उचंबळून येऊ.’

रिवाज तुमचा आहे. ते खरं होतं. मधल्या खोलीत परत आल्यावर ती मुलांमध्ये बसली आणि तिला जुन्या ऑफिसातला टेलिफोन दिसायला लागला, हिरवा, हेडक्लार्कच्या टेबलावरचा. तिचा मुलगा अकरा महिन्यांचा होता. घरी सासूबाई सांभाळायच्या. दुपारी हेडक्लार्कने हाक मारली, घरून फोन आहे, आणि ती धावत गेली, मुलाला काहीतरी झालं असणार. पलीकडे सासूबाई. ‘बोलला बरं का तुझा मुलगा.’ आवाजात काय होतं ते ती इतक्या वर्षांत कोणाला समजावून सांगू शकली नव्हती. आनंद होता, खोटा नव्हता. पण त्याखाली, एखाद्याने पत्त्यांच्या डावात शेवटचा हात मारावा तसं. ‘आधी मलाच ऐकवलंन. काकू म्हणून शेजारणीला हाक मारली खिडकीतून. तू कुठे असणार म्हणा त्या वेळी.’ ती घरी गेली तेव्हा मुलगा झोपला होता. दोन दिवस ती त्याच्या मागे हिंडली, काकू कुठे, काकू कुठे. नवरा म्हणाला, ‘शब्द आहे गं, दागिना नाही, चोरीला जायला.’ आता मुलगा दुसऱ्या गावी असतो. रविवारी फोन करतो. ठीक. हो. ठेवतो. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली आणि तरी पाळणाघरात अळीमिळीचा नियम सांगताना दर वेळी तिच्या मनात तो हिरवा फोन असायचा. कोणत्याही आईला असा फोन येऊ नये, ती म्हणायची, आणि नव्या मुली माना डोलवायच्या.

साहेब तिच्यासमोर येऊन बसला. बदकाचं पुस्तक घेऊन आला होता. तिने ते उघडलं नाही, तो उघडेल म्हणून थांबली, सवयीने. त्याने उघडलं, बदकावर तळवा ठेवला आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. सकाळच्या ‘गेली’नंतर तो बोलला नव्हता. आणि तिला त्या क्षणी स्वच्छ दिसलं की गेले चार महिने आपण ज्याला आईच्या सुखाची काळजी म्हणत होतो त्याच्या खाली काय होतं. हा माझ्या खोलीत बोलतो. माझ्या आखणीने बोलतो. माझ्याकडे बघून बोलतो, आणि तिच्याकडे बघून नाही. फोन केला नव्हता एवढंच. सासूबाईंनी निदान फोन केला होता. एक हात मारून त्या मोकळ्या झाल्या होत्या. प्लॅनताईने डाव दाबून ठेवला होता आणि रोज संध्याकाळी मोजे चढवणाऱ्या त्या बाईकडे ती वरून बघत आली होती. पंख्याच्या त्या दुपारचा आनंद कसला होता तेही तिला आता कळलं, आणि ते कळल्याने काही हलकं वाटलं नाही.

चारला ती गच्चीवर गेली आणि पुलवालीला फोन लावला. पलीकडे वारा होता, वाहनं होती, आणि ठोकण्याचा आवाज. टक, टक, टक, थोडं थांबून परत.

‘चार महिन्यांपासून,’ प्लॅनताई म्हणाली.

पलीकडे ठोकणं चालूच होतं. टक, टक.

‘वीसेक शब्द आहेत. आता दोन-दोन जोडतो. पाणी दे, बाळ पडलं. त्याला काही झालेलं नाही. मूल अगदी चांगलं आहे. आम्ही सांगत नाही, म्हणजे पहिला शब्द घरी निघावा म्हणून इथला सांगत नाही. तसा रिवाज आहे. तुमच्या बाबतीत तो फार ताणला गेला. मी ताणला.’

‘पहिला कोणता?’

‘पंखा.’

पुलवाली म्हणाली, ‘पंखा आमच्याकडेही आहे.’

प्लॅनताईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘आणि ती कार्डं? ती कशाला दिलीत? तुम्हाला माहीत होतं तो बोलतो.’

‘तुम्ही काहीतरी मागत होतात.’

‘म्हणून दिलीत.’

‘म्हणून दिली. त्यांचा उपयोग नसतो. तोटाच होतो. ते मला माहीत होतं.’

ठोकणं थांबलं होतं. कोणीतरी दूर, मॅडम, इकडचा राहिला, असं ओरडलं. ‘मी रोज रात्री त्याला ती दाखवायचे,’ पुलवाली म्हणाली. ‘तो कपाटाखाली जाऊन बसायचा. मी पाय धरून बाहेर ओढायचे. हळूच, पण ओढायचे. मला वाटायचं, आपण मेहनत करतोय.’ आवाज तापला नव्हता. ‘बरं,’ ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

चार वाजून गेले होते, पाच व्हायला अवकाश होता. राजीनामा मागे घ्यायला साईटवरून ऑफिस गाठता आलं असतं. प्लॅनताईने ते अंतर मनात दोन-तीनदा धरून पाहिलं आणि तिला कळलं की कोणत्या पुलाखालून ती बोलत होती तेच आपल्याला माहीत नाही. खाली आल्यावर तिने मालकीणबाईंना सांगितलं की मी सांगून टाकलं. ‘हलकं वाटलं ना तुम्हाला?’ त्या म्हणाल्या. ‘आता त्यांना कसं वाटतंय ते बघू.’ संध्याकाळी साहेबाला न्यायला वडील आले, घाईत, मोजे न चढवताच घेऊन गेले.

त्यानंतर मुलगा आला नाही. पुढच्या आठवड्यात एका दुपारी वडील परत आले, या वेळी एकटेच. शांत माणूस, चष्मा पुसत बोलणारा. हुकावरची पिशवी, कपड्यांचे दोन जोड, झोपायची चादर, सगळं मोठ्या मावशीने काढून ठेवलं होतं. मावशीने विचारलं, ‘साहेब बरा आहे ना?’ ते म्हणाले, ‘बरा आहे.’ धाकटी मावशी बाहेर गेली. प्लॅनताई त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेली. बाईंनी नोकरी सोडली का, हा प्रश्न तिच्या जिभेवर होता, पण तिने दुसराच विचारला.

‘घरी बोलतो का तो?’

त्यांनी पिशवीची चेन ओढली, ती अडकली, पुन्हा मागे नेऊन ओढली. ‘बायको म्हणाली, ताई हे नक्की विचारतील,’ ते म्हणाले. ‘विचारलं तर सांगू नका म्हणाली.’ यात टोमणा नव्हता. निरोप होता तसा त्यांनी दिला. मान लववून ते खाली गेले. प्लॅनताई खिडकीपाशी येऊन उभी राहिली, पण तिथून फाटक दिसत नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरची पाण्याची नळी तेवढी दिसत होती.

मालकीणबाईंनी तिला काढलं नाही. अळीमिळीबद्दलही पुन्हा कोणी काही बोललं नाही. रिवाज आहे की गेला हे ना त्यांनी सांगितलं, ना तिने विचारलं. कपाटाच्या तळाशी अशाच कार्डांचा आणखी एक गठ्ठा निघाला, तो तिने भंगारात टाकला. पुढच्या आठवड्याची आखणी तिने वेळेवर दिली. तान्ह्यांसाठी समोरासमोर बसून हुंकाराला हुंकार, लंगोट बदलताना बोलणं, कापडी पुस्तक. मोठ्यांसाठी जाड खडू आणि पावसाळी बुटांची गोष्ट.

आज दुपारी पावणेपाचला लहान खोलीतली तेरा महिन्यांची मुलगी दाराकडे हात करून ‘चल’ म्हणाली. धाकट्या मावशीने ऐकलं. ती मुलीला कडेवर घेऊन मधल्या खोलीत आली, आनंद दाबल्याने तिचा चेहरा फुगला होता. ‘ताई,’ ती हळू आवाजात म्हणाली, ‘हिची आई आली की काय म्हणू?’ मुलीने परत दाराकडे हात केला. आई सहाला येते. प्लॅनताईने अजून उत्तर दिलेलं नाही.